समुपदेशकाच्या पगाराला दिलेले पैसे

प्रश्न : मी गेल्या वर्षी ग्रंथपालपदावरून निवृत्त झाले. त्या वेळी हाती आलेल्या रकमेतला एक भाग किशोरवयीन मुलामुलींच्या समुपदेशनासाठी आणि मार्गदर्शनासाठी द्यावा, असे मनात आहे. त्याला कारण आहे. मी चौदा वर्षांची असताना माझे वडील गेले आणि मी बोलणेच टाकले. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई दर शनिवारी शाळा सुटल्यावर मला तासभर सोबत बसवून घेत. त्या उपदेश करत नसत. आपले काम करत बसत आणि मी बोलले तर ऐकत. हे दोन वर्षे चालले. आज मी जी काही आहे, ती त्या शनिवारांमुळे आहे.

माझ्यापुढे तीन संस्थांची माहितीपत्रके आहेत. पहिली संस्था वाट चुकलेल्या मुलांना तुरुंग दाखवून आणते, कैद्यांशी त्यांची गाठ घालून देते आणि शंभर टक्के मुले सुधारल्याचे सांगते. दुसरी संस्था फोनवरून समुपदेशन करते. तिसरी अगदी लहान आहे. ती म्हणते, आम्हाला वस्तू नकोत, एका समुपदेशकाच्या पगाराला हातभार लावा. माझ्या दादांना हे पटत नाही. ते म्हणतात, ‘पगाराला दिलेले पैसे पाण्यात जातात. त्यापेक्षा खोली बांधून दे, निदान आईवडिलांच्या नावाची पाटी तरी लागेल.’ रक्कम एकदम द्यावी की थोडी थोडी? आणि माझ्या पैशातून ज्या मुलाला मदत होईल, त्याला भेटावेसे वाटणे गैर आहे का?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

ताई, आपल्या पत्रात बाईंच्या मदतीचा नेमका हिशेब आला आहे : दर शनिवारी, एक तास, दोन वर्षे. पैसे कोणाला आणि कशासाठी द्यावेत, याचे उत्तर मला त्या हिशेबातच दिसते. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत देणगीने मिळवता येण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तेच माणूस, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, पुन्हा पुन्हा समोर असणे. आपल्या बाईंनी हे पदरमोड न करता, केवळ स्वभावाने केले. पण प्रत्येक मुलाला अशा बाई योगायोगाने भेटतीलच असे नाही, म्हणून संस्थांना ते सातत्य माणसे नेमून आणि त्यांना टिकवून उभे करावे लागते, आणि त्याला पैसे लागतात.

ही माझी एकट्याची समजूत नाही. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांच्या आयुष्याचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके घेतला. गरिबी, घरातले कलह, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, आपुलकी जपणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा जी गोष्ट आढळली, ती म्हणजे त्यांना मनापासून स्वीकारणारे निदान एक मोठे माणूस, मग ते घरातले असो, शेजारचे असो किंवा शाळेतले असो. आपल्या बाई त्याच जातीच्या.

असे माणूस मुद्दाम मिळवून दिले तर तोच गुण येतो का, हा पुढचा प्रश्न, आणि देणगीदाराच्या दृष्टीने तोच खरा. अमेरिकेत १९०४ सालापासून चालत आलेली ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था एका प्रौढ स्वयंसेवकाची एका मुलाशी जोडी लावून देते. तिच्या कामाचा एक मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला मार्गदर्शक देण्यास लगेच सुरुवात झाली, तर दुसऱ्या गटाला दीड वर्ष थांबावे लागले. मुदत संपल्यावर पाहिले तेव्हा पहिल्या गटात अमली पदार्थ घेऊ लागण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी आणि दारू पिऊ लागण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होते, आणि शाळा बुडवण्याचे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले होते. बहुतेक जोड्या महिन्यातून निदान तीनदा भेटत आणि एक भेट तीन-चार तासांची असे. कार्यक्रमाचा रोख व्यसनमुक्तीवर नव्हता, सोबतीवर होता.

पण याच माहितीकडे जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी पुन्हा एकदा निराळ्या अंगाने पाहिले, आणि २००२ साली त्यांनी जे मांडले ते प्रत्येक देणगीदाराने सही करण्यापूर्वी वाचावे इतके महत्त्वाचे आहे. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकल्या, त्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला. मुदत जसजशी कमी, तसतसा लाभही कमी. आणि ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आतच मोडल्या, त्या मुलांची स्वतःविषयीची किंमत आधी होती त्याहूनही खाली गेली. म्हणजे अर्धवट सोडलेली मदत ही थोडी मदत ठरत नाही. कधी कधी ती इजा ठरते.

हे मी आकडे वाचण्याच्या कितीतरी आधी शिकलो होतो. तरुणपणी मी एका संस्थेत स्वयंसेवक मार्गदर्शक होतो. माझ्या वाट्याला आलेला मुलगा तेरा वर्षांचा होता. पहिले पाच आठवडे तो बुद्धिबळाच्या पटाकडे पाहत बसे आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला खांदे उडवी. सहाव्या आठवड्यात त्याने सोंगट्या मांडायला सुरुवात केली, पण स्वतःचा वजीर तो पटावर ठेवतच नसे. मुठीत धरून बसे. मी विचारले नाही. दहाव्या आठवड्यात त्याने वजीर आपल्या घरात ठेवला आणि त्याच दिवशी पहिल्यांदा घरातल्या मारहाणीविषयी एक वाक्य बोलला. मी नियमाप्रमाणे ते आमच्या समुपदेशक बाईंना सांगितले आणि त्यांनी पुढची पावले उचलायला घेतली. त्यानंतर पाचेक आठवड्यांनी संस्थेचे अनुदान संपले. ज्या देणगीदाराने वर्षभराचे पैसे देऊ केले होते, त्याने पुढच्या सहामाहीत ते दुसऱ्या कामाकडे वळवले. समुपदेशक बाईंना रजा द्यावी लागली, खोलीला कुलूप लागले आणि आम्हा स्वयंसेवकांना मुलांना परस्पर भेटू नका असे सांगण्यात आले, जे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होते. नंतर मला कळले की तो मुलगा तीन आठवडे ठरल्या वेळी येऊन बंद दारासमोरच्या पायरीवर बसून जात होता. त्या देणगीदाराचा हेतू वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलेच नव्हते की या कामात पैसे थांबणे म्हणजे एका मुलासमोरून एक माणूस उठून जाणे. आपण मला विचारले आहे, म्हणून मी आपल्याला ते सांगतो आहे.

आता दादांचा मुद्दा. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की खोलीबद्दल ते सर्वस्वी चुकीचे नाहीत. समुपदेशनाला दार लागणारी, आतले बोलणे बाहेर न जाणारी खोली लागते. पातळ फळीच्या आडोशामागे बसवलेली एक मुलगी मी पाहिली आहे. पलीकडे कोणी खुर्ची सरकवली की ती वाक्य अर्ध्यावर सोडी आणि तिची नजर त्या फळीच्या खालच्या फटीकडे जाई. तिथे दिसणारी पावले निघून गेल्याशिवाय ती पुढे बोलत नसे. तिसऱ्या संस्थेकडे अशी खोली नसेल, तर भिंत आणि दार यांसाठी काही रक्कम देणे रास्तच आहे. परंतु खोली आहे आणि आत बसणारे माणूस नाही, अशी अवस्था मी खोली नसल्याच्या अवस्थेपेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. बांधकामाला देणगी मिळते, कारण ते दिसते. पगाराला मिळत नाही, कारण तो महिन्याच्या शेवटी खर्च होऊन जातो आणि दाखवायला काही उरत नाही. दवाखान्याला इमारत देऊन डॉक्टर न देण्यासारखेच हे आहे.

समुपदेशनात पगार हाच कामाचा खर्च असतो. झाड लावण्याच्या कामात रोपे विकत घ्यावी लागतात, पुस्तकांच्या कामात पुस्तके. इथे विकत घेण्याजोगे काही नसते, असतो तो प्रशिक्षित माणसाचा वेळ. म्हणून अशा संस्थेच्या ताळेबंदात पगारावरचा खर्च सर्वांत मोठा दिसला तर दचकू नये. उलट तो फारच कमी दिसला, तर मुलांसमोर नेमके कोण बसते आहे, हे विचारावे. प्रशासकीय खर्चाची टक्केवारी पाहून संस्थेची लायकी ठरवण्याची आपल्या सर्वांना सवय आहे. अमेरिकेत धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या तीन मोठ्या संस्थांनी २०१३ साली देणगीदारांना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले आणि केवळ या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असे स्पष्ट सांगितले; ज्यांचा धंदाच ही पारख करण्याचा, त्यांनी हे म्हणावे याला वजन आहे.

शिवाय ज्याला आपण वरखर्च म्हणतो, त्यात काय असते ते पाहावे. स्वयंसेवकांची निवड, त्यांचे प्रशिक्षण, दर पंधरवड्याला त्यांना फोन करून ‘कसे चालले आहे’ असे विचारणारा समन्वयक, आणि समुपदेशकाला स्वतःच्या केसेस घेऊन ज्याच्याकडे जाता येईल असा ज्येष्ठ समुपदेशक. डेव्हिड ड्युबॉय आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मार्गदर्शन कार्यक्रमांच्या ५५ मूल्यमापनांचा एकत्र आढावा घेतला. सर्वसाधारण परिणाम माफकच निघाला, परंतु ज्या कार्यक्रमांत मार्गदर्शकांना सतत प्रशिक्षण मिळत होते, जोड्यांवर लक्ष ठेवले जात होते आणि भेटी किती व्हाव्यात याची स्पष्ट अपेक्षा होती, तिथे तो अधिक दिसला. माफक या शब्दाने खट्टू होऊ नका. मुलाचे घर, शाळा, वस्ती, मित्र हे सारे जिथल्या तिथे राहते आणि त्यात आठवड्यातून एक-दोन तासांची भर पडते. तेवढ्याने मोजता येईल इतका फरक पडतो, हेच मला मोठे वाटते. पण ज्या गोष्टींमुळे तो फरक वाढतो, त्या नेमक्या देणगीदाराला ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून नको असलेल्या रकान्यात असतात, हे दादांना जरूर सांगा.

तुरुंग दाखवून आणणाऱ्या पहिल्या संस्थेला पैसे देऊ नयेत, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. हा प्रकार १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका तुरुंगात सुरू झाला आणि फार लोकप्रिय झाला. मुलांना कैद्यांसमोर उभे करायचे, त्यांनी दरडावून तुरुंगातले हाल सांगायचे आणि मुले घाबरून सरळ व्हावीत, अशी त्यामागची कल्पना होती. ऐकायला ती पटते. पण अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी अशा कार्यक्रमांच्या तुलनात्मक चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा आढळले की तिथे जाऊन आलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे घडण्याचे प्रमाण, न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त होते. काहीच न करणे याहून बरे ठरले असते. भेदरलेल्या मुलाला धाक दाखवून शहाणे करता येत नाही. त्यातली बरीच मुले धाकातच वाढलेली असतात.

आणि ‘शंभर टक्के’ हा आकडा. समुपदेशनाचे काम करणारा कोणीही प्रामाणिक माणूस तो छापणार नाही. मुले येणे बंद करतात, घर बदलतात, काहींची परिस्थिती मदत मिळूनही बिघडते. माहितीपत्रकात मुलांचे कृतज्ञतेचे उद्गार असतील, तेही मनापासूनचेच असतील, पण त्यावर निर्णय करू नये. याचे एक मोठे उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली ५०६ मुलग्यांसह एक कार्यक्रम सुरू झाला. साधारण सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला काही वर्षे मदत दिली : घरी भेटी, अभ्यासाला साहाय्य, सुट्टीतली शिबिरे, वैद्यकीय उपचार. तीसेक वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्या सर्वांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ‘आम्हाला फायदा झाला’ असेच सांगितले. नोंदी मात्र उलट बोलत होत्या. पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, अशा काही बाबतींत मदत मिळालेले लोक न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते. १९७८ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा या क्षेत्रातल्या अनेकांना ते पचवणे जड गेले, आणि मला आजही जाते. त्यातून मी घेतलेला धडा असा की सदिच्छा आणि दीर्घ मुदत या दोन्ही गोष्टी लागतातच, पण काम कसे चालले आहे हे स्वतःहून तपासत राहणारी संस्थाच विश्वासाला पात्र असते.

दुसऱ्या, फोनवरून समुपदेशन करणाऱ्या संस्थेविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ज्या मुलाला घरातून बाहेर पडता येत नाही, किंवा आपले नाव न सांगता मध्यरात्री बोलायचे आहे, त्याला दुसरा आधार नसतो. तिथे देणगी रात्रपाळीच्या माणसांवर आणि त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च होते, तो खर्च योग्यच आहे. मात्र तिथे बहुधा दर वेळी निराळा आवाज असतो, आणि आपल्या मनात जी शनिवारची खोली आहे, ती तिसऱ्या संस्थेच्या कामाच्या अधिक जवळची आहे. रक्कम तीन ठिकाणी वाटण्यापेक्षा एका ठिकाणी पुरेशी द्यावी, असे माझे मत आहे.

म्हणून तिसऱ्या संस्थेकडे एकदा स्वतः जा. ती लहान आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही. तिथे गेल्यावर ‘तुम्ही किती मुलांपर्यंत पोहोचलात’ हे विचारण्याआधी ‘गेल्या वर्षी सुरू झालेल्यांपैकी किती मुले अजून येतात’ हे विचारा. एका समुपदेशकाकडे एका वेळी किती मुले असतात, हे विचारा. संख्या ऐकून तुमच्या मनात एका आठवड्याचे वेळापत्रक मांडा आणि ते माणसाच्याने होण्याजोगे आहे का, ते पाहा. समुपदेशक नोकरी सोडून गेल्यास मुलांना ते कोण, किती आधी आणि कसे सांगते, हे विचारा. या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे विचार केलेले उत्तर असते, त्यांना आपले काम कळलेले असते. ‘गेल्या वर्षी तुमचे काय चुकले’ असे विचारल्यावर जे क्षणभर थांबून एखादी खरी गोष्ट सांगतात, त्यांच्याविषयी माझा विश्वास वाढतो.

समुपदेशक आणि मार्गदर्शक यांच्यातला फरक तिथे पाळला जातो का, हेही पाहा. समुपदेशकाने त्या विषयाचे शिक्षण घेतलेले असते, तो गोपनीयतेने बांधलेला असतो आणि नैराश्य, स्वतःला इजा करून घेणे, अत्याचार अशा गोष्टी त्याला ओळखता यायला हव्यात. मार्गदर्शक हा उपचार करणारा नव्हे. तो सोबत करतो, वाट दाखवतो, आणि एखादी गोष्ट आपल्या कुवतीपलीकडची दिसली की ती समुपदेशकाकडे पोहोचवतो. जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे की १० ते १९ वर्षांच्या दर सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. तेव्हा केवळ प्रेमळ स्वयंसेवकांच्या भरवशावर, मागे एकही प्रशिक्षित माणूस न ठेवता चालणारा कार्यक्रम मला धोक्याचा वाटतो. तसेच समुपदेशन म्हणजे नुसते समोरासमोर बसून बोलणे, असेही धरू नका. शिकागोच्या शाळांतल्या ‘बिकमिंग अ मॅन’ नावाच्या कार्यक्रमात मुलग्यांच्या जोड्या करून एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो अर्ध्या मिनिटात मिळवायला सांगतात. बहुतेक मुले झोंबाझोंबी करतात. मग गटप्रमुख विचारतो, कोणी नुसता मागून का पाहिला नाही? आणि चेंडू धरणारा मुलगा म्हणतो, मागितला असता तर दिला असता. तिथून चर्चा सुरू होते. या कार्यक्रमाच्या चाचण्यांत, तो चालू असेपर्यंतच्या काळात, हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. असे खेळ मुलांकडून खेळून घेणारे माणूसही पगारावरच असते.

एक बाब मात्र कोणत्याही भिडेखातर सोडू नका. मोठी माणसे आणि मुले जिथे एकत्र येतात, तिथे गैरफायदा घेणारा माणूसही शिरू शकतो. स्वयंसेवकांची पूर्वपीठिका तपासली जाते का, भेटी कोणाच्या तरी नजरेच्या टप्प्यात होतात का, मुलाला तक्रार करायची असेल तर ती कोणाकडे करायची हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितले जाते का, आणि हे सारे लेखी आहे का, हे विचारा. या प्रश्नांनी संस्था दुखावली, तर देणगी देऊ नका. नोंदणी, तपासलेले हिशेब आणि पावती या गोष्टी तर कोणत्याही दानात पाहायच्याच.

मुलाला भेटावेसे वाटणे गैर नाही, ताई. ज्यांनी स्वतः असा आधार अनुभवला आहे, त्यांना तसे वाटणारच. पण भेटू नये. त्या मुलाला कळले की समोरच्या आजींच्या पैशावर आपले बोलणे चालते, तर तो त्या खोलीत पूर्वीसारखा रडू शकणार नाही, रागावू शकणार नाही, एखाद्या दिवशी गप्प बसून राहू शकणार नाही. आपण सुधारतो आहोत असे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर येईल. आपण चौदा वर्षांच्या असताना कोणी त्या शनिवारच्या वर्गाच्या दारात येऊन ‘हिच्यासाठी मी पैसे देते’ असे म्हटले असते, तर काय झाले असते, हे आपल्याइतके कोणाला कळेल? मुलांची छायाचित्रे, नावे, त्यांच्या घरच्या कहाण्या मागू नका, आणि संस्थेने आपणहून पाठवल्या तर त्यांना स्पष्ट लिहा की मला त्या नकोत. त्याऐवजी समुपदेशकाला भेटा. तिला काय लागते, तिचा थकवा कशाने येतो, हे ऐका. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाला एक दिवस मागे बसून पाहा. आणि वर्षभरानंतर आपल्यालाच वाटले की दर आठवड्याला एक तास निदान दोन वर्षे न चुकता देता येईल, तर देणगीदार म्हणून नव्हे, इतरांसारखीच सारी तपासणी आणि प्रशिक्षण पार पाडून मार्गदर्शक म्हणून नाव द्या. ग्रंथपालाला गप्प बसलेल्या माणसासोबत बसण्याची सवय असते.

रक्कम कशी द्यावी, तर एकदम देऊ नका आणि मनाला येईल तेव्हाही देऊ नका. ती तीन समान भागांत विभागा आणि तीन वर्षे, दर वर्षी त्याच महिन्यात देईन, असे संस्थेला लेखी कळवा. त्या पत्राच्या बळावर संस्थेला समुपदेशकाला महिन्या-महिन्याच्या आशेवर न ठेवता तीन वर्षांसाठी नेमता येते. रक्कम आजच बँकेत वेगळी ठेवा आणि दादांना त्याची कल्पना द्या, म्हणजे आपल्या आजारपणात किंवा आपल्या पश्चातही हप्ता चुकणार नाही. पत्रात असेही लिहा की चौथ्या वर्षी देणे शक्य होणार नसेल, तर ते मी तिसरे वर्ष सुरू होतानाच सांगेन. पैसे पगारासाठी म्हणून द्या, पण एखाद्या वर्षी प्रशिक्षणाची किंवा ज्येष्ठ समुपदेशकाच्या देखरेखीची निकड अधिक असेल, तर तिकडे वळवण्याची मुभा त्यांना द्या; आतल्या माणसांना ते आपल्यापेक्षा आधी कळते. बदल्यात वर्षातून एकदा दोन पानांचे पत्र मागा : किती मुले आली, किती टिकली, कोणी काम सोडले का, काय जमले नाही. जाडजूड अहवाल मागू नका, तो लिहिण्यात समुपदेशकाचे दोन-तीन दिवस जातात आणि ते दिवस मुलांचे असतात.

आईवडिलांच्या नावाविषयी दादांची इच्छा मोडू नये, असे मला वाटते. त्या तीन वर्षांच्या नियुक्तीलाच त्यांचे नाव देता येईल का, असे संस्थेला विचारा. पाटी भिंतीवर लागणार नाही, पण नेमणुकीच्या पत्रावर आणि वार्षिक हिशेबात नाव राहील, आणि मुलांना त्याची झळ लागणार नाही. दादा तयार झाले तर त्यांनाही संस्थेत सोबत न्या. हिशेबाची वही पाहण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. शंका घेणारा माणूस तिथे उपयोगी पडतो.

आणि पहिला हप्ता पाठवण्याआधी संस्थेला फोन करून एवढे विचारून घ्या की समुपदेशकाच्या पगाराची सध्याची तरतूद नेमकी कोणत्या महिन्यात संपते. आपली तीन वर्षे त्याच्या आदल्या महिन्यापासून सुरू करा.